वाळवण: नवशिक्यांसाठी संपूर्ण मार्गदर्शन (कावळ्यांसह)

होळी झाली की काही माणसांच्या अंगात येतं. कालपर्यंत दुकानातून पापडाचं पाकीट आणून सुखानं जगणारी ही माणसं अचानक उन्हाकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागतात आणि म्हणतात, "एवढं ऊन वाया चाललंय हो!" तुमच्याही तोंडून हे वाक्य गेलं असेल, तर आता इलाज नाही. निदान रीतसर शिकून घ्या.

आधी माझा अधिकार सांगतो. वयाच्या सातव्या वर्षापासून मी या क्षेत्रात आहे. वाड्याच्या गच्चीवर राखणदार म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा हातात काठी, डोक्यावर काळी छत्री आणि मांडीवर 'चांदोबा' होता. तेव्हापासून चाळीसेक उन्हाळे मी वाळवण जवळून पाहिलं आहे. एवढ्या काळात मी एकही पापड लाटलेला नाही, कुरडई घातलेली नाही की चीक ढवळलेला नाही. म्हणूनच माझी दृष्टी निःपक्षपाती राहिली. घरातल्या बायका सांगतात ते हात भाजल्यावर सांगतात. मी सांगतो ते सावलीत बसून. मार्गदर्शन करायचं तर सावली हवीच.

आता थोडी पार्श्वभूमी. एके काळी पावसाळ्याचे चार महिने खरोखरच अडचणीचे असत. ओढ्याला पूर आला की बाजाराची वाट बंद, भाजी मिळायची नाही, सरपण ओलं. किनाऱ्यावर अजूनही 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, म्हणून कोळीवाड्यात बोंबील नि जवळा त्याआधीच वाळून तयार असतात. गोव्यात या साठवणीला पुरुमेंत म्हणतात. शब्द पोर्तुगीजांचा, भूक स्थानिक. मडगावात पवित्र आत्म्याच्या चर्चपाशी पावसाच्या तोंडावर पुरुमेंताचं फेस्त भरतं आणि माणसं खारी मासळी, सुक्या मिरच्या, चिंच, आमसुलं घेऊन घरी जातात.

तुमचं तसं नाही. तुमच्या इमारतीखालच्या दुकानात बाराही महिने कुरडया मिळतात, आणि खाली उतरायचा कंटाळा आला तर दहा मिनिटांत एक मुलगा भिजत येऊन दारात देऊन जातो. म्हणजे गरज संपलेली आहे. गरज संपली की उरते ती हौस, आणि हौसेला प्रमाण नसतं. चला, सुरुवात करू.

साहित्य

गहू, उडदाची डाळ, साबुदाणा, बटाटे, मिरच्या, कैऱ्या. हे सगळं सोपं आहे, पैसे टाकले की मिळतं. अवघड यादी पुढे आहे: कुलूप नसलेली एक गच्ची. चार जुन्या सुती साड्या. एक धोतर (नेसणारं कोणी उरलेलं नाही, पण धोतर असतंच). पितळी सोऱ्या, सगळ्या चकत्यांसह; त्यातली नेमकी कुरडईची चकती हरवलेली असली पाहिजे. प्रमाणाबाबत एकमेकींशी न पटणाऱ्या दोन ज्येष्ठ स्त्रिया. आणि एक राखणदार, ज्याची परीक्षा नुकतीच संपली आहे.

पायरी 1: गेल्या वर्षीचा साठा तपासा

माळ्यावर चढा. तिथं तुम्हाला गेल्या वर्षीच्या कुरडया सापडतील, त्यामागे त्याच्या आदल्या वर्षीच्या, आणि अगदी कोपऱ्यात एक डबा, ज्याच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. वय ओळखण्याची पद्धत सोपी आहे. आत घातलेल्या वर्तमानपत्राची तारीख वाचा. मला एकदा साबुदाण्याच्या पापड्या नोटाबंदीच्या बातमीत गुंडाळलेल्या सापडल्या होत्या. तळून पाहिल्या. पापड्या अजून चलनात होत्या.

या वेळी घरातला एखादा पुरुष म्हणेल, "आधी हे संपवा, मग नवीन करा." हे वाक्य दर वर्षी म्हटलं जातं आणि ते म्हणणाऱ्याला दर वर्षी माळ्यावरून डबे खाली काढून द्यायला लावतात. मी हल्ली म्हणत नाही. जुन्याबाबतचा नियम पक्का आहे: जुनं पाहुण्यांना, नवं ठेवणीला. आणि घरच्यांना? घरच्यांना बाजारचं.

डबे मोजताना एक कमी भरेल. तो दीड किलोचा, झाकणाला पोचा आलेला, ज्यावर आईचं नाव आणि 1984 असं कोरलेलं आहे. तो कोणाला दिला, हे कोणालाच आठवत नाही. नोंद करून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

पायरी 2: गच्ची मिळवा

गच्चीला कमी लेखू नका. 1959 मध्ये गिरगावात सात बायका 80 रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या, आणि त्यातून लिज्जत पापड उभा राहिला. आज त्या बसल्या असत्या तर आधी सोसायटीच्या सचिवांकडे लेखी अर्ज द्यावा लागला असता, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा होईपर्यंत उडीद टिकला नसता.

आमच्या सोसायटीत गच्चीची किल्ली कोणाकडे असते हे गुपित आहे. ज्यांच्याकडे असते ते "माझ्याकडे नाही" म्हणतात आणि संध्याकाळी वर फिरायला जातात. तुम्ही कुरडईचा विषय काढू नका. "टाकीत पाणी चढतंय का बघायचंय" म्हणा. किल्ली मिळते.

वर गेल्यावर दिसेल की निम्म्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यात सोलर पॅनेल. ती पॅनेल काळीभोर, तिरकी, दिवसभर उन्हाकडे तोंड करून असतात, आणि पाहताक्षणी मनात येतं की देवानं ही बटाट्याच्या वेफर्ससाठीच घडवली. हा विचार दाबा. यावर सभेत एकदा चर्चा झालेली आहे आणि ती इतिवृत्तात आहे.

गच्ची मिळालीच नाही तर खचून जाऊ नका. गॅलरीची जाळी आहे, खिडकीचा छज्जा आहे, आणि पार्किंगमध्ये उन्हात उभी केलेली गाडी आहे. बॉनेटवर ताट ठेवलं तर मिरच्या सुरेख वाळतात. फक्त गाडी आपली आहे ना, ते आधी पाहा.

पायरी 3: प्रमाण ठरवा

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 मध्ये आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांनी हजारो नवशिक्यांचे संसार सावरले. वाळवणाच्या दिवशी ते पुस्तक कपाटात ठेवा. गच्चीवर एकच माप चालतं, आणि ते म्हणजे 'अंदाज'. मीठ किती? अंदाजानं. हिंग किती? वास येईल इतका. चीक कधी शिजला म्हणायचं? "कळतं ते." ज्याला कळत नाही त्यानं विचारायचं नसतं आणि ज्याला कळतं त्याला सांगता येत नाही. आपल्याकडे ज्ञान असंच टिकलं आहे. कुरडया मात्र वर्षाआड बिघडतात.

एकूण किती करायचं, हे ठरवायची रीत अशी: घरात माणसं किती ते मोजा. समजा, तीन. त्यातल्या एकाला तळलेलं वर्ज्य आहे, एकजण हॉस्टेलवर आहे. म्हणजे गहू किती घ्यायचे? पाच किलो. पाचाच्या खाली मागवले तर वाणी डोळे वर करून बघतो.

पायरी 4: कुरडई

ही विद्या सोपी नाही, म्हणून इथं जरा थांबू.

गहू तीन दिवस पाण्यात भिजवा. रोज पाणी बदला. दुसऱ्या दिवशी घरात एक आंबूस वास येऊ लागेल. तिसऱ्या दिवशी शेजारी बेल वाजवून, "गॅस लीक होतोय का?" विचारतील. त्यांना आत बोलवा, चहा द्या, आणि पाचव्या दिवशी पहाटे मदतीला यायचं कबूल करून घ्या. वासाची बदनामी करणारा माणूस वासात सामील झाला की गप्प बसतो.

चौथ्या दिवशी भिजलेले गहू वाटून, पिळून, गाळून त्यांचा चीक काढा. पांढरा दुधासारखा चीक रात्रभर तसाच राहू द्या. सकाळपर्यंत तो तळाशी बसतो आणि वर पिवळट निवळी येते. ती हलक्या हातानं ओतून टाका. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या करता येतात, असं कोणीतरी म्हणेल. त्या करा, किंवा करणार आहोत असं सांगून चोथा फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यानं टाका. दोन्ही पद्धती रूढ आहेत.

आता खरी कसोटी. पहाटे चारला उठा. कुरडईला पूर्ण दिवसाचं ऊन मिळायला हवं, त्यामुळे सूर्य उगवायच्या आत घालायला बसावं लागतं. जितका चीक तितकं पाणी पातेल्यात उकळा, मीठ-हिंग घाला आणि चीक ओतत ढवळायला लागा. थांबू नका. थांबलात की गुठळी होते आणि तिची कहाणी पुढच्या पिढीला सांगितली जाते. आमच्याकडे 1991 च्या गुठळीचा उल्लेख अजून लग्नकार्यात होतो. ढवळणाऱ्याचा हात भरून येईल, चेहऱ्यावर वाफ येईल, अंगठ्याला चटका बसेल. अशा वेळी मी स्वतः दाराशी उभा राहून, "एकाच दिशेनं ढवळा," असं सांगतो. त्यानं फार धीर येतो, असा माझा समज आहे.

चीक चकचकीत झाला की शिजला. आणि इथं या उद्योगातला पहिला मोठा धोका उभा राहतो. पहाटेचे पाच वाजलेले, गार वारा, पातेल्यात गरम चीक. कोणीतरी म्हणतं, "बघू, मीठ बरोबर आहे का?" एक वाटी पुढे येते. त्यावर तुपाची धार पडते. मग दुसरी वाटी. मग गॅस लीक होतोय का विचारणारे शेजारी स्वतःचं पातेलं घेऊन येतात. नवशिक्यांनी लक्षात ठेवावं, की इथं तुमचा पहिला किलोभर माल गेला. याची नोंद 'गळती' या सदरात करा.

पायरी 5: पापड

उडदाच्या पिठात पापडखार, हिंग, मिरी घालून घट्ट मळा आणि मग तेलाचा हात लावत कुटा. इथं पुरुषांना काम मिळतं. वरवंटा हातात दिला की ते पीठ असं कुटतात, की खालच्या मजल्यावरचे वर येतात. दहा मिनिटांनी ते "झालं की!" म्हणून पेपर वाचायला जातात आणि वर्षभर "पापड मी कुटले" असं सांगतात. मी सांगतो.

मग पिठाची वळी करून दोऱ्यानं लाट्या कापा. चार-पाच बायका गोल बसवा. लाटणं सुरू झालं की जिभाही सुरू होतात. पापड किती पातळ लाटला जाईल हे विषयावर अवलंबून असतं. एखाद्या नव्या सुनेच्या पगाराचा विषय निघाला तर पापडातून वर्तमानपत्र वाचता येतं. परगावी शिकणाऱ्या मुलीला कोणी 'मित्र' भेटल्याचा विषय निघाला तर पापड आपोआप जाड होतो, कारण लाटणं थांबून माणसं ऐकायला लागतात.

आणि मुलं? मुलं परातीभोवती घुटमळतात. एक लाटी तेलात बुडवून तोंडात टाकली की जिभेवर हिंग-मिरीचा जो जाळ होतो, तो तळलेल्या पापडाला कधीच जमत नाही. आत्या ओरडते, "अरे, पोट दुखेल!" आणि तिच्याच हातून आणखी एक लाटी पडते. गळती, नोंद दोन.

पायरी 6: राखण

हे माझं क्षेत्र. इथं मी अधिकारानं बोलतो.

कावळा शत्रू आहे, पण शिस्तीचा. तो आधी एक कुरडई उचलतो, टाकीवर बसून चाखतो, आणि मग इतरांना कळवतो. त्याला काळ्याचं भय असतं असं म्हणतात, म्हणून काठीला काळी छत्री बांधून उभी करा. तीन दिवस ती चालते. चौथ्या दिवशी कावळा छत्रीच्या सावलीत बसतो. कबुतर खात कमी आणि चालतं जास्त. त्याच्या पाऊलखुणांची पापडी पाहुण्यांना 'नक्षीची' म्हणून देता येते. कोकणात माकडं येतात आणि तिथं राखणदार काठी टाकून आत जातो. तो पळपुटेपणा नाही, अनुभव आहे.

परंतु चाळीस वर्षांच्या निरीक्षणातून मी एका निष्कर्षावर आलो आहे. सर्वात जास्त माल कावळा नेत नाही, राखणदार नेतो. बाहेरून कडक आणि आतून मऊ असा अर्धवट वाळलेला कोहळ्याचा सांडगा, दुपारी तीन वाजता, गच्चीवर एकट्यानं. आमसुलाच्या ताटातली रसात बुडवून पुन्हा उन्हात टाकलेली एक चिकट साल. आंबापोळीची कडा, जी "आधीच तुटली होती". आई विचारायची, "कोपऱ्यातल्या ओळीत सात कमी कशा?" मी आकाशाकडे बोट दाखवायचो. या निमित्तानं मी समस्त कावळ्यांची जाहीर क्षमा मागतो. गळती, नोंद तीन.

पायरी 7: पावसाची व्यवस्था

वाळवण उन्हावर अवलंबून असतं हा गैरसमज आहे. उलट आहे. पाऊसच वाळवणावर अवलंबून असतो. एप्रिलभर आभाळ कोरडं ठणठणीत असतं. तुम्ही गच्चीभर कुरडया घातल्यात, जिना उतरलात, चहाचं आधण ठेवलंत की वळीव येतो. दुष्काळी तालुक्यांनी टँकरऐवजी पाच किलो गहू भिजत घालून पाहावेत, अशी माझी सूचना आहे.

मृग नक्षत्र 7 जूनच्या सुमारास लागतं आणि पूर्वी माणसं तोवरचा हिशेब मनात धरून वाळवण उरकायची. आता तोही भरवसा राहिलेला नाही. मुंबईत मोसमी पाऊस यायची सर्वसाधारण तारीख 11 जून. 2025 मध्ये तो 26 मे रोजीच हजर झाला. ज्यांनी "मे अखेरीस निवांत करू" म्हणून लोणच्याच्या मसाल्याची मोहरी उन्हात टाकली होती, त्यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. त्यांनी ती पंख्याखाली वाळवावी. बेडरूममध्ये आठवडाभर मोहरीवर झोपावं लागेल, पण संसार म्हटला की हे आलंच.

आभाळ भरून आलं की धावण्याचा क्रम लक्षात ठेवा: आधी कुरडया, मग पापड, मग सांडगे, मग कपडे, सगळ्यात शेवटी आजोबा. ते खुर्ची घेऊन स्वतः येतात.

पायरी 8: मिरची

थोडक्यात सांगतो, कारण लिहितानाही शिंका येताहेत. रंगासाठी बेडगी, तिखटपणासाठी लवंगी, आणि दोन्हीसाठी संकेश्वरी. देठं काढा, ऊन द्या, कांडपाला न्या. गिरणीत रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात मिसळेल अशी भीती असते. आपल्या आधी कोणाचं काय कुटलं याची चौकशी करा, तुमच्यानंतर कोणी केली तर रागवा. घरी येऊन त्या हातानं डोळे चोळू नका. हे वाक्य प्रत्येक वर्षी प्रत्येकाला सांगितलं जातं, आणि प्रत्येक वर्षी एकजण ते चोळल्यानंतर ऐकतो.

सांडग्या मिरचीबद्दल एवढंच: ती दिवसा उन्हात आणि रात्री ताकात असते. एवढी ये-जा करूनही तिचा तिखटपणा जात नाही. पुण्याहून मुंबईला रोज जाणारे हे समजू शकतील.

पायरी 9: लोणचं

एक-दोन पाऊस झाल्यावरच्या कैऱ्या घ्या असं एक घराणं म्हणतं. पावसाआधीच्याच घ्या असं दुसरं. या दोन घराण्यांत लग्न झालं तर घरात दोन बरण्या होतात आणि पाहुण्याला दोन्ही चाखून निकाल द्यावा लागतो. त्यानं "दोन्ही छान" म्हणावं आणि निघावं.

कैरीच्या फोडी, मीठ, हळद, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, आणि वर गार केलेली फोडणी. मीठ फोडींतलं पाणी ओढून घेतं आणि वरचा तेलाचा थर हवेला आत येऊ देत नाही, म्हणून ते टिकतं. म्हणजे लोणचं रसायनशास्त्रानं टिकतं आणि ओल्या चमच्यानं नासतं. ओला चमचा कोणी घातला, याचा तपास कधीच लागत नाही. तो दर वेळी 'कोणीतरी' घातलेला असतो. बुरशी दिसली की संशयितांची यादी लहानापासून सुरू करा. त्याला बाजू मांडता येत नाही.

बरणीला दादरा बांधा, ती उंच फळीवर ठेवा, आणि घरातल्या सर्वात बुटक्या माणसाला लोणच्याची सर्वाधिक आवड असेल याची काळजी घ्या.

बरणी भरण्याआधी फोडी मीठ-हळद लावून परातीत तासभर ठेवलेल्या असतात, त्या तासाबद्दल मी काही लिहीत नाही. गळती, नोंद चार.

पायरी 10: साठवण आणि न खाणे

सगळं कडकडीत वाळलं की डब्यांत भरा. डब्यांवर चिठ्ठ्या लावू नका. चिठ्ठ्या लावल्या तर कोणालाही काय कुठे आहे ते सापडेल आणि घरातल्या अधिकाराची रचना ढासळेल. "तिसऱ्या रांगेतला, मोठ्याच्या मागचा, पण तो नव्हे," एवढ्या खुणेवर घर चाललं पाहिजे. ज्या बाईनं वर्षातले पंधरा दिवस पहाटे चारला उठून हात भाजून घेतले, तिला निदान एवढं राज्य असू द्या. तिच्या कष्टाचं श्रेय सोऱ्याला, उन्हाला आणि कुटणाऱ्याला आधीच वाटून झालेलं असतं.

आता शेवटचं कौशल्य. जुलै येईल. बाहेर धो धो पाऊस पडेल. कोणीतरी म्हणेल, "चार कुरडया तळा ना." ही वेळ ओळखा. म्हणा, "गणपतीला लागतील." गणपतीत म्हणा, "दिवाळीला पाहुणे यायचेत." दिवाळीत फराळ असतोच. संक्रांतीला म्हणा, "आता होळी आली, तेव्हा पुरणपोळीबरोबर तळू." होळीला चार तळा. त्या इतक्या फुलतात, इतक्या पांढऱ्या आणि हलक्या होतात, की सगळे म्हणतात, "यंदा जास्त करायला हव्यात." झालं. पायरी 1 कडे परत जा.

पायरी 11: वाटप

साठा संपत नाही आणि खायचा नाही, मग करायचं काय? वाटायचा. लेकीला, नणंदेला, मावसबहिणीला, आणि अमेरिकेत असलेल्या भाच्याला, जो सुटकेसमध्ये कपडे कमी करून कुरडया नेतो आणि तिथं त्या तळत नाही, कारण धुराची घंटा वाजते. तोही फळीवर ठेवतो. संस्कार.

वाटताना डबा परत मागायचा असतो, पण तोंडानं नाही. "डब्याची काही घाई नाही," असं म्हणायचं. याचा अर्थ सगळ्यांना कळतो. रिकामा डबा परत करायचा नसतो हेही सगळ्यांना कळतं, त्यामुळे डबा कोणीच परत करत नाही.

गेल्या दिवाळीत मात्र आमच्याकडे एक आत्येबहीण आली. पिशवीतून तिनं एक डबा काढला. दीड किलोचा, झाकणाला पोचा. "ताईनं दिल्या होत्या मला, तिला तिच्या जावेकडून आलेल्या. आमच्याकडे खाणारं कोणी नाही, म्हटलं तुम्हाला होतील. घरच्या आहेत हं!" डब्यावर आईचं नाव होतं. खाली 1984. कुरडया आमच्याच होत्या. कोपऱ्यातली एक, माझ्याच अंगठ्यानं दबलेली, मी ओळखली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, पण इथं घोडंही घरचंच होतं.

अशा प्रसंगी काय म्हणायचं ते पाठ करून ठेवा: "अगं बाई, कशाला एवढा त्रास!" आणि डबा माळ्यावर ठेवायचा, अगदी कोपऱ्यात.

समारोप: हिशेब

नवशिक्यांच्या सोयीसाठी मी आमच्या घरचा ताळेबंद मांडून पाहिला. वाळवलेलं: माळ्यावर, शाबूत. वाटलेलं: फिरून परत. खाल्लेलं: 'गळती' सदराखालच्या चार नोंदी. म्हणजे पहाटेचा चीक, हिंगानं पेटलेली लाटी, तीनच्या उन्हातला अर्धा सांडगा, परातीतल्या मीठ लावलेल्या फोडी. टिकवायचा बेत करून जे टिकवलं ते जसंच्या तसं राहिलं, आणि जे टिकवता आलं नाही तेवढंच पोटात गेलं.

यावरून वाळवण बंद करावं असा निष्कर्ष काढू नका. पाच किलो गहू भिजत घातल्याशिवाय एक वाटी चीक मिळत नाही, हेच या शास्त्राचं मूळ सूत्र आहे.

आमच्याकडे यंदाचे गहू परवा भिजत घातले आहेत. वास यायला सुरुवात झाली आहे, शेजारी अजून बेल वाजवायचे आहेत. यायचं असेल तर या, पहाटे साडेचारला, गच्चीवर. ढवळायला हात लागतीलच. दिशा मी सांगेन. वाटी आपापली आणा. तूप आहे.